झाकायचा डोळा कोणता

पिंपरवाडी, ता. कऱ्हाड
१६ ऑक्टोबर १९४४

चि. चंद्रा,

आशीर्वाद नेहमीचेच. त्यातले निम्मे जावईबापूंना दे. दिवसभर हळदीच्या अडतीत बसणाऱ्या माणसाला ते लागत असतील.

पत्राचं कारण तुझी भाची. बनू फार शेफारली आहे. अर्जुना पलटणीबरोबर इटलीत, रंगू आईच्या मायेने काही बोलत नाही, म्हणजे शिस्त लावायला उरलो मी. सहावं सरत आलं तरी पोर एक हुकूम धड पाळत नाही.

जोंधळा दुधात आला आहे आणि राघूंचे थवे उतरतात. म्हणून मी तिला लिंबाच्या दुबेळक्या फांदीची बेचकी करून दिली आणि नेम धरायला शिकवला, पलटणीत आम्हाला शिकवला तसाच. डावा डोळा मीट, उजव्याने बघ. ही उजवा मिटते. मी म्हणतो, "डावा." ती म्हणते, "मिटला की." मिटलेला असतो उजवाच. मी बोट लावून डावा दाखवला, तर म्हणाली, "आप्पा, ह्यो मिटला तर दिसंल कशानं?" आजोबांना असं उलट उत्तर.

काल मी स्वतः तिच्या डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि म्हटलं, मार आता. राघू बसला होता बांधावरच्या कवठीवर. खडा लागला सिद्धू पोस्टमनच्या गुडघ्याला, आणि तो येत होता भलत्याच बाजूने. गुडघा चोळत म्हणाला, "आप्पा, उद्यापासनं तुमची पत्रं चावडीत ठिवतो, तुमी येऊन न्या." तेच तिला तिच्या मनासारखा उजवा मिटू दिला, तर दुसऱ्या खड्याला राघू खाली. म्हणजे नेम चांगला आहे, हट्ट वाईट आहे.

तू मास्तरीण आहेस. असल्या हट्टी पोरांना तुमच्या शाळेत काय करतात ते कळव. छडीचं सांगू नकोस. छडी तिने लपवली आहे.

रंगूचं म्हणणं निराळंच. पोर दमली की तिचा उजवा डोळा जरासा नाकाकडे सरकतो, ते भाग्याचं लक्षण आहे, तिला रागावू नका म्हणते. मला भाग्याशी कर्तव्य नाही, नेमाशी आहे.

आप्पा


सांगली
२१ ऑक्टोबर १९४४

ती. आप्पांना नमस्कार.

निम्मे आशीर्वाद पोचवले. हे म्हणाले, "सगळे तिलाच दे, तिच्या वर्गात चाळीस पोरी आहेत."

आप्पा, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं, आणि मला काही त्यात हट्ट सापडला नाही. बनूने तुम्हाला उलट उत्तर दिलेलं नाही. तिने खरं उत्तर दिलं आहे. डावा मिटला तर तिला दिसत नसेल, असं तुमच्या मनात आलं नाही का?

गेल्या साली इथले डोळ्यांचे डॉक्टर लेले आमच्या शाळेत मुली तपासायला आले होते. ते म्हणाले, एका डोळ्याने कमी दिसणारं मूल कधी तक्रार करत नाही. दुसऱ्या डोळ्यावर त्याचं सगळं चालतं, आणि बाकीच्यांना दोन्हींनी दिसतं हे त्याला ठाऊकच नसतं. त्यातून डोळा सरकतो असं वहिनी म्हणतात, ते मला बरं वाटत नाही.

एक करून पाहा. ती काहीतरी आवडीचं करत बसली असेल, तेव्हा मागून जाऊन आधी एका डोळ्यावर हात ठेवा, मग दुसऱ्यावर. काय करते ते बघा आणि मला कळवा. पण परेडीच्या आवाजात नको. खेळ वाटला पाहिजे.

चंद्रा


पिंपरवाडी
२९ ऑक्टोबर १९४४

चि. चंद्रा,

तू सांगितलंस तसं केलं. बनू ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. फोडत म्हणजे खात. मी मागून जाऊन तिचा उजवा डोळा झाकला. ती खातच राहिली. एवढंच म्हणाली, "आप्पा, हाताला तंबाखूचा वास येतुया." मग मी डावा झाकला. ती मला चावली.

दात दुधाचे असावेत असा माझा समज होता.

मला अजून वाटत होतं की हा वांडपणाच. म्हणून गूळ देतो म्हणून कबूल केलं, डावा डोळा रंगूला झाकायला लावला आणि अंगणाच्या त्या टोकाला उभा राहून बोटं दाखवली. म्हटलं, किती? ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हात हाय. बोटं असत्याली, पर मला न्हाई दिसत." आणि चंद्रा, ही पोर गुळासाठी खोटं बोलते, हे मला ठाऊक आहे. ह्या खेपेला गूळ गेला तरी ती खरं बोलली.

तेव्हापासून मला जेवण गोड लागत नाही. अर्जुना जाताना म्हणाला होता, "आप्पा, पोरीकडं बघा." मी रोज बघतच होतो. डोळा जातो आहे का? आडपडदा न ठेवता सांग.

आप्पा


सांगली
३ नोव्हेंबर १९४४

ती. आप्पांना नमस्कार.

आडपडदा न ठेवता सांगायचं तर मला ठाऊक नाही. म्हणूनच घेऊन या. डॉक्टर लेल्यांना मी विचारून ठेवलं आहे, ह्या महिन्यातला कुठलाही रविवार चालेल. वाट बघू नका. ते म्हणाले, "सातवं लागायच्या आत आणताय ना, मग रडू नका. आठवं उलटून गेल्यावर आणतात तेव्हा मला रडू येतं."

बेचकी घरी ठेवून या. आमच्या गल्लीत खिडक्यांना काचा आहेत.

चंद्रा


पिंपरवाडी
१२ डिसेंबर १९४४

चि. चंद्रा,

आम्ही सुखरूप पोचलो. आगगाडीत बनूने साऱ्या डब्याला सांगितलं की डाक्तरनं डोळ्यात पाणी घातलं आणि सगळं जग पातळ झालं.

परत आल्यापासून मला डॉक्टरांचं बोलणं रोज आठवतं. डोळा आतून निरोगी आहे, चष्माही नको. फक्त तो तिरका बघायला लागला, म्हणून डोक्याने त्याचं ऐकणं सोडून दिलं, आणि कुणी ऐकत नाही म्हणताना तोही आळशी झाला. पट्टी बांधा, लहानपणीच त्याला वळण लागेल, मोठेपणी लागणार नाही. इतकं सोपं करून सांगणारा डॉक्टर मी पलटणीतही पाहिला नाही.

पट्टी सुरू केली आहे. रंगूने जुन्या काळ्या खणाची शिवली, आत मऊ फडकं घातलं. सकाळची न्याहारी झाली की बांधायची, जेवणाच्या वेळी सोडायची. मला वाटलं होतं पोर घर डोक्यावर घेईल. पण रक्त शेवटी शिपायाचं आहे. चूं केलं नाही.

आप्पा


पिंपरवाडी
१८ फेब्रुवारी १९४५

चि. चंद्रा,

गुऱ्हाळ चालू होतं, म्हणून पत्राला उशीर झाला. घरात सगळ्यांच्या अंगाला गुळाचा वास आहे आणि मुंग्या आमच्या मागे मागे फिरतात.

बनूचं काय सांगू? असा रोगी डॉक्टरांना मिळाला नसेल. पट्टी लावून गुऱ्हाळावर पळते, चिपाडं गोळा करते, परवा तर पट्टी असताना रंगूला सुई ओवून दिली. कधी कधी पट्टी सोडायची राहून जाते तर तिलाही आठवण होत नाही. सारा गाव म्हणतो, पोरगी गुणाची. बेचकीचा नेम तर पट्टीने सुधारलाच आहे, कारण डोळा मिटायचे कष्ट वाचले.

रंगूही खूश आहे. भाग्याचा डोळा झाकलेला बरा, कुणाची नजर लागत नाही म्हणते.

तुझ्यासाठी गुळाची ढेप पाठवतो आहे. जावईबापूंना म्हणावं, हळद पुरे, जरा गोड खा.

आप्पा


(कार्ड)
सांगली
२२ फेब्रुवारी १९४५

ती. आप्पांना नमस्कार. ढेप मिळाली. एकच विचारते, उलट टपाली कळवा. पट्टी कोणत्या डोळ्यावर बांधता?

चंद्रा


पिंपरवाडी
२६ फेब्रुवारी १९४५

चि. चंद्रा,

तुझं कार्ड मला मिळायच्या आधी गावाला मिळालं. सिद्धूने ते पाराजवळ वाचलं, आणि मी तिथे पोचेपर्यंत दोन तट पडले होते. पुढच्या वेळी पाकीट वापर.

पट्टी उजव्या डोळ्यावर बांधतो. जो दुखणाईत त्याच्यावर.

आता तू म्हणशील, डॉक्टर काय म्हणाले होते. डॉक्टर म्हणाले होते, "चांगला डोळा झाका." मी ऐकलं होतं, बहिरा नाही. पण दिवसभर लोकांचे डोळे बघून माणूस थकतो, थकला की उलटं बोलतो. त्यांना तिथे चूक दाखवली असती तर कंपौंडरसमोर त्यांचा मान गेला असता. म्हणून मी काही बोललो नाही, आणि घरी येऊन चूक दुरुस्त करून घेतली.

पलटणीत आजारी शिपाई सिक रिपोर्ट करतो, त्याला ड्यूटी माफ होते आणि धडधाकट माणूस पहाऱ्यावर उभा राहतो. साऱ्या हयातीत कुणी चांगल्या पायाला पट्टी बांधलेली मी बघितली नाही. तूच सांग, बघितलीस का?

आप्पा


सांगली
१ मार्च १९४५

ती. आप्पांना नमस्कार.

हे पाकीट आहे, म्हणून मोकळेपणी लिहिते. आप्पा, डॉक्टर थकले नव्हते.

मला शंका आली ती तुमच्याच कौतुकामुळे. ज्या पोरीने डावा झाकल्यावर तुमचा हात चावला, ती पट्टी बांधल्यावर सुई ओवते कशी? तिच्या दृष्टीने तुम्ही काही झाकलेलंच नाही.

आठवतंय का, मी लहान असताना आपल्या जोडीत एक तांबडा बैल होता. शेजारचा ओढतो म्हणून तो नुसता बरोबर चालायचा. तुम्ही त्याला काय केलंत? दावणीला बसवून पेंड चारलीत, की दुसऱ्याला बांधून ठेवून त्या एकट्याला कुळवाला जुंपलंत? आई म्हणत होती, बिचाऱ्याला किती दमवता. तुम्ही म्हणालात, "तो दमलेला नाही, बसून बसून विसरलाय." मग हा डोळा निराळा कसा?

आणि गेले तीन महिने उजव्याला पूर्ण रजा मिळाली, तो आणखी आळसावला असेल. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बनूचा कागद काढून बघितला. मग म्हणाले, अजून वेळ आहे, पण आता एक दिवस वाया घालवायचा नाही. दिवसातून चार तास, डावा झाकायचा, आणि त्या वेळात तिला बारीक काम द्यायचं. निवडणं, ओवणं, पाटीवर गिरवणं. ती रडेल. रडू द्या. रडली की समजा बरोबर डोळा झाकला आहे.

चंद्रा


पिंपरवाडी
९ मार्च १९४५

चि. चंद्रा,

बरोबर डोळा झाकला आहे. तुझ्या पत्राप्रमाणे खात्री पटली.

पहिल्या दिवशी ती उंबऱ्याला अडखळली, म्हशीला धडकली आणि म्हशीलाच रागावली. दुसऱ्या दिवशी पट्टी कडब्याच्या गंजीत सापडली. तिसऱ्या दिवशी ती पट्टीखालून बघत होती. मान मागे टाकून, नाकाच्या कडेने. कोंबडी पाणी पिते तशी चालत होती, म्हणून मला कळलं.

बैलाचं तू लिहिलंस ते खरं आहे. मी त्याला कुळवाला जुंपला होता. तेव्हा तो विषय सोड.

पण आता अडचण निराळी आहे. चौथ्या दिवशी पट्टी सापडलीच नाही. मी बनूला दरडावलं तर ती म्हणाली, "म्या न्हाई घेतली, देवाशप्पत." आणि चुलीत बघितलं, तर खणाचा काठ तेवढा जळायचा राहिला होता. रंगूने जाळली. विचारलं तर भाकऱ्या थापत बसते, आणि थापायचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येतो.

शेवटी एवढं म्हणाली, "मामंजी, मला आधी सांगितलं असतं की डोळा सरळ करायचाय, तर म्या पट्टी शिवलीच नसती."

सासरा म्हणून मी दरडावू शकतो, पण चार तास तिच्यावर पहारा कोण ठेवणार? पोर तिच्याच पदराखाली असते. तू तिला लिही. तुझं ती ऐकते. वाचून मी दाखवीन.

आप्पा


सांगली
१३ मार्च १९४५

ती. आप्पांना नमस्कार. खालचा मजकूर वहिनींना वाचून दाखवायचा आहे. काही गाळायचं नाही, आपल्या पदरचं घालायचं नाही, आणि मध्येच "बघ, मी म्हणत नव्हतो" असं म्हणायचं नाही.

रंगूवहिनी, मी तुमच्यावर रागावलेली नाही. आप्पा रागावले असतील तर त्यांना सांगा, तीन महिने चुकीचा डोळा झाकणाऱ्याने रागवायचं नसतं. (आप्पा, हेही वाचा.) पट्टी का जाळलीत ते तुम्ही तुमच्या तोंडाने सांगा, आप्पा लिहून घेतील. जसं सांगाल तसंच. मला समजून घ्यायचं आहे.

चंद्रा


पिंपरवाडी
१७ मार्च १९४५

वन्सं, मामंजी लिवत्यात, म्या सांगतीया. (ती चुलीपाशी बसून सांगते आहे. मी शब्दाला शब्द लिहितो. आप्पा.)

तुमी शिकलेल्या हायसा, तुमाला हसू यील. मागल्या साली पावसाळ्यात ह्येंचं पत्रच आलं न्हवतं. किती दीस ग्येलं, मामंजी बी टपालाकडं बघून गप बसायचं. (हे खरं नाही. मी शेताकडे बघत असे.) त्याच आठवड्यात पोरीचा डोळा सरकला. आन् दोन दिसांनी पत्र आलं, की जवळ गोळा पडला, बाजूचं लोक ग्येलं, आनी मला खरचटलं बी न्हाई. माज्या म्हसवडच्या चुलतीनं सांगितलं, असा डोळा घरात भाग्य आणतो, त्यो जपा.

म्या सिद्धनाथाला धनी मागितला हाय. पोरीच्या डोळ्याचं मागितलंच न्हाई, तवा मला ठावं न्हवतं. आता डोळा सरळ केला आन् तिकडं काय झालं, तर म्या कुणाला सांगू? पोरीला एक डोळा हाय की चांगला. तिला बाप एकच हाय. (इथे तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.)

तुमी डाक्तरला इच्यारा, पट्टीनं डोळा सरळ व्हतो का. व्हत आसंल तर लढाई संपुस्तवर थांबा म्हणावं. मामंजी म्हणत्यात तवर पोर मोठी हुईल. मला दोनी बाजूनं कळतंया, पर हात उठत न्हाई.

रंगू

(मी काही गाळलेलं नाही. तू लिहिलेलंही गाळलं नव्हतं. ते वाचताना ती प्रथमच हसली. आप्पा.)


सांगली
२२ मार्च १९४५

ती. आप्पांना नमस्कार, आणि वहिनी, हे तुमच्यासाठी.

मला हसू आलं नाही. तुमचं पत्र घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांना समजावून काय सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत होते, आणि खरं सांगते, त्यांनी "सरळ होतो" म्हटलं असतं तर तुम्हाला काय लिहायचं ते मला सुचलेलं नव्हतं.

त्यांनी निराळंच सांगितलं. म्हणाले, बघणं वेगळं आणि तिरकेपणा वेगळा. पट्टीने डोळा बघायला शिकतो. त्याचं तिरकं सरकणं मात्र पट्टीने जाईलच असं नाही. थोडं कमी होईल, बरंचसं राहील. लोक त्यावरून त्यांच्याशी भांडतात, की एवढी पट्टी बांधली आणि डोळा आहे तिथेच. म्हणून ते हे आधी सांगायला कचरतात. मी म्हटलं, आमच्या घरी जरूर सांगा.

म्हणजे वहिनी, भाग्य आहे तिथेच राहील, फक्त त्याला दिसायला लागेल. आंधळं भाग्य घरात ठेवण्यापेक्षा हे बरं नव्हे का?

चंद्रा


पिंपरवाडी
२७ मार्च १९४५

चि. चंद्रा,

पत्र वाचून दाखवलं. रंगूने शेवटची ओळ पुन्हा वाचायला लावली. मग उठली, ट्रंकेतून लग्नातल्या शालूचा तुकडा काढला आणि दुसरी पट्टी शिवायला बसली. ह्या पट्टीला तिने मागून अशी गाठ घातली आहे, की ती मलाही सुटत नाही.

आता पहारा तिचा. बनूला चार तासांत डाळ निवडायला बसवते. खडा राहिला तर आमटीत आपल्याच दाताखाली येतो, म्हणून पोर डोळा लावून निवडते. काल माझ्या दाताखाली आला. बनू म्हणाली, "त्यो मला दिसला हुता, आप्पा. तुमच्यासाठी ठिवला."

आप्पा


पिंपरवाडी
२० मे १९४५

चि. चंद्रा,

युरोपातली लढाई संपली हे तुम्हाला वर्तमानपत्रातून कळलं असेल. आम्हाला अर्जुनाच्या पत्राने कळलं. तो खुशाल आहे, जहाज मिळेल तेव्हा येईल. रंगूने पत्र ऐकलं, बनूचा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळा बघितला, आणि मला म्हणाली, "अजून तिरका हाय न्हवं?" मी म्हटलं, आहे. मग तिने पट्टी बांधली. म्हणाली, "तिकडचं झालं. आता हिकडचं."

पोर पट्टी लावून आता उंबरा चुकवते. म्हशीलाही चुकवते. पण डोळा खरोखर किती शिकला ते मला कळत नाही, आणि विचारायची भीती वाटते. जुलैत पेरणी उरकली की आणतो.

आप्पा


सांगली
२४ जुलै १९४५

ती. आप्पांना नमस्कार.

परवा तुम्ही गाडी चुकेल म्हणून इतक्या घाईने निघालात, की बोलायचं राहून गेलं. घाई का होती तेही मला कळलं आहे. पाकिटातूनच लिहिते, सिद्धूभाऊंपासून तुमचा मान राखण्यासाठी.

डॉक्टरांनी तक्ता लावला, तोच, ज्याच्यावरच्या खुणांना बनू दाताळं म्हणते. दात कुठल्या बाजूला ते हाताने दाखवायचं. गेल्या खेपेला उजव्या डोळ्याने तिला सगळ्यात मोठं दाताळंही दिसलं नव्हतं. ह्या खेपेला मी तिचा डावा झाकून उभी होते, आणि ती एकामागून एक ओळी उतरत गेली. डॉक्टरांनी छडी फिरवायची, तिने हात करायचा. मला रडू यायचं बाकी होतं.

मग माझं तुमच्याकडे लक्ष गेलं. तक्त्याचा खिळा सैल आहे, मी धरतो, असं म्हणून तुम्ही तक्त्याशेजारी उभे राहिला होता. डॉक्टर पोरीकडे बघत होते, तुम्ही त्यांच्या मागे होता. आप्पा, तुम्ही कधी एका बाजूची मिशी पिळत होता, कधी दुसऱ्या बाजूची. आणि प्रत्येक वेळी छडी फिरल्यावरच.

डॉक्टरांनी खूश होऊन पट्टी अर्धी करायला सांगितली आहे. हे त्या तक्त्याच्या भरवशावर. डोळा शिकलेला नसताना पट्टी सोडली तर तो पुन्हा बसेल, आणि पुढच्या साली डॉक्टर काही करू शकणार नाहीत. पट्टी पूर्वीसारखीच चार तास चालू ठेवा. पाच ऑगस्टच्या रविवारी पुन्हा या. मी डॉक्टरांना अजून काही सांगितलेलं नाही. तुमच्या उत्तराची वाट बघते.

चंद्रा


पिंपरवाडी
२८ जुलै १९४५

चि. चंद्रा,

पट्टी चार तासच चालू आहे. ती मी सोडली नव्हती. मला ठाऊक होतं ना मी काय करून आलो ते.

का केलं ते तुला कळलं असेल. माझ्या शहाणपणापायी पोरीचे तीन महिने फुकट गेले होते. छडी वर गेली तेव्हा डॉक्टर आता काय म्हणतील, ह्या धास्तीने माझा हात आपोआप मिशीला गेला. एकदा गेला तो तिथेच राहिला. वर-खालीसाठी खूण ठरवलीच नव्हती, तेव्हा नुसता खोकलो.

तुझं पत्र आल्यावर मी बनूला जवळ घेतलं आणि विचारलं, "बाळ, खरं सांग. तक्त्यापाशी मी मिशीला हात लावत होतो, ते तुला दिसत होतं का?"

ती म्हणाली, "व्हय की. दोनी मिश्या दिसत हुत्या."

मी म्हटलं, "मग तू माझ्या मिशीकडे बघून हात करत होतीस?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, की मला तुझी आई आठवली. म्हणाली, "तुमची मिशी लबाड, आप्पा. तुमी ह्या अंगाची पिळत हुता, तवा दाताळं त्या अंगाला हुतं. दर वक्ती उलटं. मला वाटलं तुमी मला फशिवताय. म्हणून म्या तुमच्याकडं बघितलंच न्हाई मग, दाताळ्याकडंच बघितलं."

चंद्रा, मी अंगणात भिंतीवर कोळशाने दाताळं काढलं आणि पुन्हा तसाच उभा राहून बघितलं. मान वळवून बघितल्यावर दात उजवीकडे दिसले, की तिच्याकडे तोंड करून मी माझी उजवी मिशी पिळायचो. माझी उजवी, म्हणजे तिची डावी. इतकी वर्षं समोरासमोर परेड करून हे माझ्या ध्यानात आलं नाही. तूही मास्तरीण असून मिशीच बघत राहिलीस, दाताळं कुठे आहे ते बघितलं नाहीस. आपल्या घरातली त्या दिवशी नीट बघणारी एकच होती, आणि तीही एका डोळ्याने.

रंगूला सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. मग उठून पोरीचा तो डोळा बघितला आणि पदर स्वतःच्या डोळ्याला लावला.

डॉक्टरांना सगळं सांग, मिशीसकट. पाच तारखेच्या रविवारी आम्ही येतोच. आणि तक्ता धरायला दुसरं कुणी बघून ठेव. मला बनूने आत्ताच बजावलं आहे, "आप्पा, तुमी भाईर बाकड्यावर बसा. मला बघू द्या."

आप्पा